अणूची पताका

डॉ. होमी भाभा म्हटले की आपल्याला ट्रॉम्बेचा घुमट आठवतो, अणुवीज आठवते आणि ओघाने बॉम्बही. मला मात्र त्यांच्या चरित्रातले परळचे पान सर्वांत मोलाचे वाटते. घराघरातल्या दुखण्याशी त्यांच्या अणूची गाठ पडली ती तिथे.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरात त्यांचा जन्म झाला. त्यांची आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. होमीने केंब्रिजला जाऊन इंजिनियर व्हावे आणि जमशेदपूरचा कारखाना सांभाळावा, असे वडिलांच्या आणि दोराबजींच्या मनात होते. मुलाने पदवी पहिल्या वर्गात मिळवली, पण मन पदार्थविज्ञानात गुंतले होते. १९३१ मध्ये आत्या रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. मागे राहिला त्यांच्या नावाचा ट्रस्ट. त्या ट्रस्टच्या पैशातून १९४१ मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उभे राहिले. कर्करोगाने एका घराला दिलेल्या दुःखातून हजारो घरांसाठी दार उघडले.

भाभा १९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आले, युद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात काम करताना त्यांनी १९४४ मध्ये त्याच ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ मध्ये ती सुरू झाली. एकाच तिजोरीतून निघालेल्या या दोन वाटा पुढे एकत्र यायच्या होत्या.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे, पण बांधणी आपल्या माणसांची. अशा भट्टीत साध्या मूलद्रव्यांची किरणोत्सारी भावंडे तयार करता येतात. त्यांचा रोग्याला काय उपयोग, हे मला उमगले ते बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर. बँकेच्या नोकरीत असताना मी तिथे जात असे. धाकटी पंढरी म्हणतात त्या गडाला. आषाढीला गडाची दिंडी पंढरपूरला निघते. उंचावरून पाहिले तर माणसे ओळखू येत नाहीत, पण पताका दिसते आणि दिंडी कुठवर पोचली ते कळते. किरणोत्सारी अणू ही तशीच पताका आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. त्या आयोडीनच्या हाती पताका दिली, की बाहेरचा कॅमेरा ग्रंथीचे चित्र काढतो आणि कर्करोग शरीरात आणखी कुठे पसरला असेल तर तेही पुष्कळदा दाखवतो.

अडचण एकच. बँकेत पडून राहिलेल्या ठेवीवर व्याज चढते, इथे मुद्दलच वितळते. किरणोत्सारी आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, सोळा दिवसांत पाव. परदेशातून मागवायचे तर बराचसा माल वाटेतच संपायचा. म्हणून भट्टी आणि रुग्णालय जवळजवळ हवीत. भाभांच्या कारकिर्दीतच, १९६२ मध्ये, टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आले आणि १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. आत्याच्या आठवणीचे रुग्णालय आणि भाच्याची भट्टी अशी एकमेकांना भेटली.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावर त्यांचे विमान कोसळले. वय अवघे ५६.

पताका पुढे निघाल्याच. २००२ मध्ये परळच्या त्याच केंद्रात देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. स्तनाच्या कर्करोगात गाठीजवळ टेक्नेशियम लावलेले सूक्ष्म कण टोचतात आणि रोग काखेतल्या कोणत्या ग्रंथीकडे आधी जाईल ते शोधतात. आता संशोधक पॉलिमरचे नॅनोकण घडवत आहेत. विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यात असते तसलेच हे पॉलिमर, आणि कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्या फटींतून कण आत शिरतात आणि पाठीवरच्या किरणोत्सारी अणूमुळे दिसतात. यातले बरेचसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. प्राण्यांमध्ये साधले ते माणसात साधेलच असे नाही, कारण यकृत आणि प्लीहा यातले पुष्कळ कण मध्येच अडवतात.

टेक्नेशियमची ताकद सहा तासांत निम्मी होते. बीडहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. भाभांनी भट्टी रुग्णालयाच्या जवळ आणली, हे त्यांचे मोठे काम. तपासणी गावाजवळ आणणे हे पुढच्यांचे काम, आणि गडाच्या पायथ्याच्या माणसाच्या दृष्टीने ते अजून व्हायचे आहे.