दुष्काळ आणि अभंगवाणी

इ.स. 1630 च्या सुमारास पडलेल्या महादुष्काळाने देहूचे वाणी श्री तुकाराम महाराज यांचे दिवाळे निघाले. ज्येष्ठ पत्नी व पुत्र संतू अन्नावाचून निवर्तले. तशा स्थितीत महाराजांनी घराण्याच्या मोडकळीस आलेल्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार केला. कर्जखतांतील निम्मा वाटा धाकटे बंधू कान्होबांस देऊन उरलेला इंद्रायणीत बुडविला. दुष्काळग्रस्त ऋणकोंवर याहून मोठे उपकार ते कोणते! पुढे भंडारा डोंगराच्या एकांतात अभंग स्फुरू लागले. कालांतराने अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडविण्याचा प्रसंग आला. महाराज तेरा दिवस काठच्या शिळेवर निरन्न बसले व वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे जाणाऱ्या भाविकांना देहूच्या शिळामंदिरात त्या शिळेचे दर्शन घेता येते.