विमान कुणाचंही असो, नाव आपलं

नेदरलँड्समधल्या मराठी माणसाला केएलएमची ओळख करून द्यावी लागत नाही. ॲमस्टेलवीनमध्ये आज भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात आणि केएलएमचं मुख्य कार्यालयही याच गावात आहे. भारतातून आई-बाबा आले की स्किपोल विमानतळावर निळ्या पाठीच्या, पांढऱ्या शेपटीच्या विमानांची रांग आपण त्यांना कौतुकाने दाखवतो. ते विमान बनवलं कुणी, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. २०२४ मध्ये केएलएमच्या ताफ्यात पहिलं एअरबस ए३२१निओ आलं. युरोपातल्या फेऱ्यांवर वर्षानुवर्षं बोइंग ७३७ वापरणाऱ्या कंपनीने दुसऱ्या कारखान्याचं दार ठोठावलं. पण प्रवाशांच्या दृष्टीने काय बदललं? विमान निळंच राहिलं, नाव तेच राहिलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न रोजचा आहे. एकाच कंपनीचा डेटाबेस, तिचंच क्लाउड, तिचीच साधनं घेतली की काम सोपं होतं. माणसं एकदाच शिकवावी लागतात, अडलं तर एकाच ठिकाणी फोन करायचा. पण दहा वर्षांनी कळतं की आपण त्या कंपनीच्या दावणीला बांधले गेलोय. विमान कंपन्यांचंही तसंच असतं. एकाच बनावटीची विमानं असली की वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, मेकॅनिक सगळं स्वस्त पडतं. मात्र उत्पादक मागे पडला की आपणही त्याच्याबरोबर मागे पडतो. नव्वद वर्षांपूर्वी या पेचातून बाहेर पडलेला माणूस म्हणजे केएलएम उभी करणारा आल्बर्ट प्लेसमन.

प्लेसमनचा जन्म ७ सप्टेंबर १८८९ रोजी द हेगमध्ये झाला. घरी अंड्यांचा व्यापार. मुलगा सैन्यात गेला, अधिकारी झाला आणि सोस्टरबर्गच्या लष्करी तळावर विमान चालवायला शिकला. पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ होतं. युद्ध संपलं तेव्हा विमान म्हणजे लढाईचं यंत्र, अशीच लोकांची समजूत होती. १९१९ च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅममध्ये एल्टा नावाचं मोठं विमान प्रदर्शन भरलं. ते उभं करण्यात तरुण लेफ्टनंट प्लेसमनचा मोठा वाटा होता. पाच लाखांहून जास्त लोक ते बघायला आले. लोकांना विमानाचं वेड लागलंय, तर त्यांना विमानात बसवणारी कंपनी का नको, हा पुढचा विचार होता. ७ ऑक्टोबर १९१९ रोजी केएलएमची स्थापना झाली आणि तिचा कारभार प्लेसमनच्या हाती आला. वय अवघं तीस.

गंमत अशी की कंपनीकडे विमानाआधी नाव होतं. स्थापनेच्या काही आठवडे आधीच राणी विल्हेल्मिनाने तिला 'रॉयल' हे बिरुद दिलं होतं. डर्क रोझेनबर्ग या वास्तुविशारदाने तीन अक्षरांना पंख जोडून बोधचिन्ह काढलं. १७ मे १९२० रोजी लंडनहून ॲमस्टरडॅमला केएलएमचं पहिलं उड्डाण झालं. तेव्हा विमान भाड्याचं होतं, ब्रिटिश बनावटीचं, आणि वैमानिकही ब्रिटिश होता. प्रवासी म्हणून दोन पत्रकार होते, बाकी वर्तमानपत्रांचे गठ्ठे. म्हणजे पहिल्या दिवसापासून केएलएमचं म्हणावं असं त्यात नावच तेवढं होतं. आज जगात आपलं मूळ नाव टिकवून उडणारी ही सगळ्यात जुनी विमान कंपनी आहे.

त्यानंतर मात्र एकाच कारखान्याशी गाठ पडली. आन्थनी फोकर प्लेसमनहून सात महिन्यांनी लहान, जन्म जावा बेटावरचा. महायुद्धात त्याने जर्मनीसाठी लढाऊ विमानं बनवली. युद्धानंतर रेल्वेच्या डब्यांत विमानं, इंजिनं आणि सामान भरून तो मायदेशी परतला आणि ॲमस्टरडॅमला कारखाना काढला. एकाला विमानं हवी होती, दुसऱ्याला गिऱ्हाईक. १९२० पासून केएलएमच्या ताफ्यात फोकर विमानं येत गेली, आणि पुढची जवळपास चौदा वर्षं तिथे फोकरचंच राज्य होतं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, लाकडी पंख. त्या काळात जगभर या विमानांना मागणी होती.

या जोडीने मोठं काम केलं यात शंका नाही. १ ऑक्टोबर १९२४ रोजी एक फोकर विमान ॲमस्टरडॅमहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला निघालं. बल्गेरियात इंजिन बिघडलं आणि नवं येईपर्यंत महिनाभर तिथेच थांबावं लागलं. शेवटी २४ नोव्हेंबरला ते पोहोचलं. पंचावन्न दिवस लागले, पण आपल्या वसाहतीपर्यंत हवाई मार्ग काढता येतो हे डच लोकांना दिसलं. १९३० च्या सुमारास ही नियमित सेवा झाली. वाटेत कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता हे थांबे होते. मुंबई या मार्गावर नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते याच काळात.

डिसेंबर १९३३ मध्ये 'पेलिकान' नावाचं फोकर नाताळची टपाल घेऊन चारेक दिवसांत बटाव्हियाला पोहोचलं. देशभर आनंदीआनंद झाला. पण प्लेसमनची नजर तोपर्यंत अमेरिकेकडे वळली होती.

तिथे काय चाललं होतं हे थोडं समजून घ्यायला हवं. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेत एक फोकर विमान लाकडी पंख तुटून कोसळलं. त्यात नूट रॉकनी हा प्रसिद्ध फुटबॉल प्रशिक्षक गेला आणि लाकडी पंखावरचा लोकांचा विश्वासही गेला. आतल्या लाकडाला ओल लागली, सांधे सुटले, तर बाहेरून दिसत नाही, ही खरी अडचण होती. अमेरिकन कारखाने पूर्ण धातूच्या विमानांकडे वळले. बोइंगने २४७ बनवलं, पण पहिली साठ विमानं एकाच कंपनीने अडवून ठेवली. म्हणून दुसऱ्या एका कंपनीने डग्लसला गाठलं आणि त्यातून डीसी-१ व पाठोपाठ डीसी-२ जन्माला आलं. दोन इंजिनं, चौदा प्रवासी, उड्डाणानंतर आत ओढली जाणारी चाकं. त्याच सुमारास फोकर आपलं चार इंजिनांचं एफ-३६ बांधत होता. विमान मोठं होतं, ऐसपैस होतं, पण पंख लाकडीच आणि चाकं बाहेरच. असं एकच विमान शेवटी बनलं.

प्लेसमनने डीसी-२ निवडलं. हा निर्णय आज वाटतो तितका सोपा नव्हता. मंदीचे दिवस होते, डच कामगार बेकार होते. राणीने राजमान्यता दिलेली कंपनी परदेशी विमान घेणार म्हटल्यावर विरोध होणारच. शिवाय ज्याच्या विमानांवर कंपनी मोठी झाली तो फोकर घरचाच माणूस. दोघांचेही स्वभाव तापट, आणि खटके आधीपासून उडत होतेच. पुढची गंमत बघा. फोकरने तोवर डीसी-२ विकण्याचे युरोपातले हक्क मिळवले होते. म्हणजे प्लेसमनने फोकरचं विमान सोडलं तरी नव्या विमानाचा सौदा फोकरमार्फतच झाला. एकाच विक्रेत्यातून बाहेर पडणं किती अवघड असतं हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

नव्या विमानाची परीक्षा लगेच झाली. २० ऑक्टोबर १९३४ रोजी इंग्लंडहून मेलबर्नपर्यंत विमानांची शर्यत सुरू झाली. अंतर सुमारे १८ हजार किलोमीटर. बाकीच्यांपैकी काहींनी खास शर्यतीची विमानं आणली होती. केएलएमने आपलं नेहमीचं डीसी-२ पाठवलं, तेसुद्धा तीन प्रवासी आणि टपाल घेऊन. त्याचं नाव 'आउव्हर', म्हणजे करकोचा. नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरावरून पक्ष्याचं नाव ठेवायची केएलएमची पद्धत होती. विमान अमेरिकन, पण बारसं डच! लोकांनी प्रेम केलं ते त्या करकोच्यावर, डग्लसवर नाही. ब्रँडिंग हा शब्द आज आपण उठता-बसता वापरतो. प्लेसमनच्या कंपनीने तो न वापरता करून दाखवला.

शेवटच्या टप्प्यात ऑस्ट्रेलियात रात्री वादळात आउव्हर रस्ता चुकलं. ऑल्बरी गावाने शहरातले दिवे उघडझाप करून मोर्स लिपीत गावाचं नाव कळवलं. रेडिओवरून मोटारवाल्यांना रेसकोर्सवर बोलावलं आणि हेडलाइटच्या उजेडात विमान उतरवून घेतलं. सकाळी चिखलात रुतलेलं विमान गावकऱ्यांनी दोरांनी ओढून काढलं. इतकं होऊनही आउव्हर शर्यतीत दुसरं आलं आणि हँडिकॅप गटात पहिलं. प्रवाशांचं साधं विमान शर्यतीच्या विमानांना भारी पडू शकतं हे जगाने पाहिलं.

गोष्ट इथे संपली असती तर सोयीची झाली असती. पण दोनच महिन्यांनी, २० डिसेंबर १९३४ रोजी, नाताळची टपाल नेताना तेच आउव्हर इराकच्या वाळवंटात कोसळलं. सातही जण गेले. जुलै १९३५ मध्ये तर एका आठवड्यात केएलएमची तीन विमानं नष्ट झाली, एक फोकर आणि दोन डग्लस. डच इतिहासात तो काळा आठवडा म्हणून नोंदला आहे. स्वदेशी सोडून परदेशी घेतलं म्हणून हे झालं, असं म्हणायला आता जागा होती. पण कोसळलेल्यांत फोकरही होतं हे विसरून चालणार नव्हतं. प्लेसमन मागे फिरला नाही. १९३६ मध्ये केएलएमने डीसी-३ घेतलं. फोकर १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला, अवघ्या ४९ व्या वर्षी.

मे १९४० मध्ये जर्मनांनी स्किपोलवर बॉम्ब टाकले. पुढे प्लेसमनला अटक झाली आणि सुमारे वर्षभर तो तुरुंगात होता. युद्ध संपताच तो अमेरिकेला गेला, विमानं मिळवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. २१ मे १९४६ रोजी केएलएमची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली. या मार्गावर नियमित सेवा देणारी युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली कंपनी. विमान डग्लसचं होतं. पण त्याच वर्षी त्याने लॉकहीडची कॉन्स्टेलेशनही घेतली. म्हणजे फोकरला सोडून डग्लसशी लग्न लावलं असंही नाही.

आणि आता या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात जड भाग. त्याचा मुलगा यान ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. सप्टेंबर १९४४ मध्ये तो युद्धात मारला गेला. दुसरा मुलगा हान्स केएलएमचा कॅप्टन. २३ जून १९४९ रोजी बटाव्हियाहून परतताना त्याचं कॉन्स्टेलेशन इटलीतल्या बारी शहराजवळ समुद्रात कोसळलं. ३३ जण होते, एकही वाचला नाही. नेमकं कारण कधी कळलंच नाही. ते विमान कंपनीने घेतलं तेव्हा कंपनीचा प्रमुख बापच होता.

अशा वेळी लॉकहीडचं नावही नको असं एखाद्या बापाने म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. नोंद एवढीच आहे की केएलएमने कॉन्स्टेलेशन वापरणं चालू ठेवलं आणि १९५३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, सुपर कॉन्स्टेलेशन, ताफ्यात आली. तेव्हाही कंपनीचा प्रमुख प्लेसमनच होता. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला तो गेला. डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या चिनीमातीची जी छोटी घरं केएलएमच्या महागड्या वर्गात भेट मिळतात आणि इथल्या घराघरांत शोकेसमध्ये मांडलेली दिसतात, ती त्याच्याच हयातीत, १९५२ मध्ये सुरू झाली.

पुढे डग्लसची साथ खूप लांबली. डीसी-८, डीसी-९, डीसी-१० आणि शेवटी एमडी-११. ऑक्टोबर २०१४ मध्ये शेवटचं एमडी-११ प्रवासी सेवेतून गेलं, तेव्हा आउव्हरला बरोबर ऐंशी वर्षं झाली होती. फोकरही पूर्ण तुटला नाही. त्याची छोटी विमानं केएलएमच्या उपकंपनीत उडत राहिली. खुद्द फोकर कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी शेवटचं फोकर-७० ऑक्टोबर २०१७ मध्ये निवृत्त झालं. सत्त्याण्णव वर्षांचा संबंध. प्लेसमनने फोकरशी वैर धरलं नव्हतं, विमान मागे पडलं तेव्हा ते घेणं थांबवलं होतं, एवढंच.

परदेशात आलेल्या आपल्यासारख्यांना हे आयुष्य मला मुद्दाम सांगावंसं वाटलं. ज्या कंपनीने पहिला व्हिसा काढून दिला, ज्या साहेबाने पहिली संधी दिली, त्यांचं ऋण आपण मानतो आणि मानायलाच हवं. पण ऋण मानणं वेगळं आणि डोळे मिटून तिथेच बसून राहणं वेगळं. तेच उलट बाजूनेही खरं आहे. एकदा ठेच लागली म्हणून ती वाट कायमची बंद करायची नसते. जपायचं ते आपलं नाव आणि आपल्यावर विश्वास टाकून बसलेली माणसं. बाकी साधनं, ती दर वेळी नव्याने तपासून घ्यायची.

ॲमस्टरडॅमच्या पश्चिम भागात प्लेसमनच्या नावाचा रस्ता आहे, प्लेसमनलान. मोठं कर्करोग रुग्णालय त्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे शहरात बहुतेकांना तो पत्ता माहीत असतो. तिथून थोडं दक्षिणेला गेलं की दुसरा रस्ता लागतो. त्याचं नाव आन्थनी फोकर मार्ग.