चुकीच्या नावाचा दगड

डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कार्बाइड टूलला धार लावणारे हिरवे चाक दिसले, की एडवर्ड ॲचेसनची आठवण यायला हवी.

१८५६ साली पेनसिल्व्हानियात जन्मलेल्या या मुलाची शाळा घरच्या अडचणींमुळे लवकर सुटली. पुढे एडिसनकडे काही वर्षे काम केले. १८९१ मध्ये त्याने लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोकची भुकटी घालून विजेने तापवली. हाती आले काचेवर ओरखडा काढणारे चमकते निळसर खडे! ॲल्युमिनियमवाला कुरुंद आणि कार्बन एकत्र आले असे समजून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते होते सिलिकॉन कार्बाइड. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

नायगाराच्या विजेवर कारखाना चालला. पण भांडवल परक्याचे, त्यामुळे कंपनीची सूत्रे त्याच्या हातून गेली.

या दगडाचा आणखी एक गुण त्याला ठाऊकच नव्हता. मायक्रोवेव्ह लहरी शोषून तो स्वतः तापतो. भातातले पाणी या लहरींनी तापते, थंड कोरडी सिरॅमिक वस्तू फारशी तापत नाही. म्हणून तिच्याभोवती सिलिकॉन कार्बाइड ठेवतात; आधी ते तापते, मग त्याच्या धगीने ती.

ॲचेसन १९३१ मध्ये वारला. मायक्रोवेव्ह ओव्हन तेव्हा जन्मायचा होता.