जगदीशचंद्रांच्या आखूड लहरी

वनस्पतींची संवेदना यंत्राने टिपणारे आचार्य म्हणून जगदीशचंद्र बोस यांचे नाव शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्याआधीची त्यांची पाचसहा वर्षे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आणि आजच्या मोबाइल फोनशी नाते आहे ते नेमके त्या वर्षांचे.

त्यांचा जन्म इ. स. १८५८ चा, पूर्व बंगालातला. वडील सरकारी अधिकारी. तरीही मुलाला त्यांनी प्रथम बंगाली शाळेतच घातले. पुढे केंब्रिजला लॉर्ड रॅली यांच्यापाशी शिकून १८८५ साली जगदीशचंद्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे हिंदी माणसास युरोपियनाहून कमी पगार! त्यांनी शिकवणे सोडले नाही, पगार मात्र हाती घेतला नाही. असे तीन वर्षे चालले. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या हट्टाचे मोल कळते. अखेर सरकार नमले व मागील सारी रक्कम पूर्ण दराने चुकती झाली.

प्रयोगशाळा म्हणजे एक चिंचोळी खोली आणि मदतीस एक पत्रेकाम करणारा कारागीर. एवढ्या भांडवलावर त्यांनी १८९४ पासून बिनतारी विद्युत्‌लहरी पाच मिलिमीटरपर्यंत आखूड करून दाखविल्या. म्हणजे सेकंदास सुमारे ६० अब्ज कंपने. लहरींना दिशा देण्यास धातूचे कर्णे केले, पिळलेल्या तागाने लहरींचे प्रतल फिरविले, आणि पानापानांत कथिलाचा वर्ख घालून रेल्वेचे वेळापत्रकही ध्रुवीकरणाच्या कामी लावले! १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

पण या लहरी लांब पल्ल्याच्या नव्हेत. मार्कोनीला समुद्र ओलांडायचा होता. त्याने लांब लहरी धरल्या, आणि जग त्याच्यामागे गेले. जगदीशचंद्रांना पेटंटाचा तिटकारा. स्नेह्यांच्या आग्रहाने लहरी टिपणाऱ्या गॅलेना खनिजाच्या साधनाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले, पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही. याला कोणी व्यवहारशून्यता म्हणोत. बिनपगारी राबणाऱ्या माणसाला ते शोभूनच दिसते. तोवर त्यांचे मन वनस्पतींकडे वळले होते.

आता शहरांत फोनची गर्दी इतकी, की उंच मनोरे पुरत नाहीत. म्हणून दिव्यांच्या खांबांवर लहान लहान केंद्रे बसवितात. प्रत्येक केंद्र मुख्य जाळ्यास जोडायचे, तर केबलसाठी रस्ता खोदणे खर्चाचे. तेव्हा खांबावरून खांबावर याच ६० अब्ज कंपनांच्या लहरींचा बारीक झोत सोडण्याची युक्ती निघाली. हवेतील प्राणवायू या लहरी शोषून घेतो, त्यामुळे त्या फार दूर जात नाहीत. म्हणूनच शेजारच्या गल्लीत तीच कंपनसंख्या पुन्हा वापरली तरी घोटाळा होत नाही. जो अवगुण म्हणून त्या मागे पडल्या, त्याचाच हा उपयोग! जोराच्या पावसात मात्र झोत क्षीण होतो, म्हणून खांब फार लांब ठेवून चालत नाही.

जगदीशचंद्रांनी १९१७ साली कलकत्त्यास आपली संशोधनसंस्था स्थापिली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते वारले. एकोणऐंशी पुरी होण्यास सात दिवस उरले होते. त्यांची ती कर्ण्यांची उपकरणे त्या संस्थेने जपून ठेवली आहेत.