डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि हृदयाची उजवी बाजू

आठवीला हृदय शिकवताना आपण चार कप्प्यांची आकृती काढतो, एक बाजू लाल, दुसरी निळी रंगवतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. मुलं नावं पाठ करतात: अलिंद, निलय, महाधमनी, फुप्फुस धमनी. पण हृदयाला दोन बाजू कशाला हव्यात आणि डाव्या निलयाची भिंत जाड का, असं विचारलं की वर्ग गप्प. घरीही विचारून बघा. मी हल्ली यासाठी एका डॉक्टरांची गोष्ट सांगते. ती घडली परळच्या केईएममध्ये. आपल्या शांती नगरातून निघून मीरा रोडला लोकल पकडली, की तास-सव्वा तासात पोहोचता येईल अशा महापालिकेच्या रुग्णालयात.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन बंगाली कुटुंबातले. जन्म १९१५ चा. त्यांचं मोठं काम झालं ते केईएममध्ये. भारतात हृदयावर शस्त्रक्रिया हा विषय नुकता रुजत होता, त्या काळातले ते सर्जन. चित्रंही काढायचे.

त्यांचा पहिला विचार ऐकला की मुलं हमखास हसतात, कारण तो सापापासून सुरू होतो. आपल्या हृदयातून रात्रंदिवस रक्त वाहतं, मिनिटाला साधारण ५ लिटर. पण हृदयाच्या स्नायूला त्या रक्ताचा थेट उपयोग जवळजवळ नाही. सस्तन प्राण्यांच्या हृदयाची भिंत घट्ट आणि जाड असते, आतलं रक्त तिच्यात झिरपत नाही. म्हणून महाधमनीच्या मुळाशीच दोन कोरोनरी धमन्या फुटतात आणि त्या बाहेरून हृदयाला रक्त पुरवतात. त्यातली एक तुंबली की हार्ट अटॅक. सापाच्या हृदयाची भिंत मात्र स्पंजासारखी असते, आतल्या पोकळीतलं रक्त सरळ स्नायूत शिरतं. सेन यांनी ठरवलं, आपणही तशा वाटा पाडून बघू. कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत त्यांनी सुईने बारीक छिद्रं पाडली. १९६५ मध्ये या प्रयोगांवरचा शोधनिबंध अमेरिकेतल्या नियतकालिकात आला, त्यावर उडवाडिया, किणरे, पारुळकर या सहकाऱ्यांचीही नावं आहेत. पुढे परदेशात हेच काम लेझरने करून पाहिलं गेलं. अशा वाटा बहुधा बुजून जातात, हे नंतर दिसलं. तरी सापाचं हृदय पाहून माणसाच्या हृदयाचा विचार करणं मला फार आवडतं. प्राण्यांची तुलना आपण परीक्षेतल्या तक्त्यापुरती ठेवतो, इथे तिच्यातून प्रयोग निघाला.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाकडून माणसात पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. सेन आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर प्रत्यारोपणाचा सराव आधीपासून करत होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं ते सहावं. नवं हृदय बसलं, धडधडू लागलं, आणि सुमारे तीन तासांत रुग्ण गेला. त्याच वर्षी दुसऱ्यांदा प्रयत्न झाला. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला.

मुलं लगेच विचारतात, टाके सुटले का? शरीराने परकं हृदय नाकारलं का? इतक्या थोड्या तासांत तसं सहसा होत नाही. घोटाळा फुप्फुसांत होता, आणि इथेच आपला धडा सुरू होतो.

आपल्या इमारतींचं उदाहरण घ्या. शांती नगरातली जुनी इमारत तीन-चार मजल्यांची, तिला लहान पंप पुरतो. वीस मजली टॉवरला मोठा लागतो. हृदयात हे दोन्ही पंप एकमेकांना चिकटून आहेत. डावा निलय डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत रक्त पाठवतो, म्हणून त्याचा दाब सुमारे १२० (मोजमाप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये). उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांत रक्त ढकलायचं असतं, तिथल्या वाहिन्या रुंद आणि मऊ, त्यामुळे २५ च्या आसपास दाब पुरतो. भिंतही पातळ. रक्त मात्र दोघंही सारखंच ढकलतात, ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर.

आता ज्याचं हृदय वर्षानुवर्षं दुबळं आहे असा रुग्ण बघा. डावी बाजू रक्त पुढे लोटू शकत नाही, ते मागे फुप्फुसांत तुंबतं. तिथला दाब वाढतो, हळूहळू वाहिन्या जाड आणि ताठ होतात, क्षार साचलेल्या पाइपसारख्या. रुग्णाचा स्वतःचा उजवा निलय या ओझ्याला थोडा सरावतो. दात्याचं हृदय निरोगी, पण त्याचा उजवा निलय मऊ फुप्फुसांना सरावलेला. त्याला एकदम टॉवरचं पाणी चढवायला सांगितलं. तो फुगतो, थकतो, थांबतो. सेन यांचे दोन्ही रुग्ण फुप्फुसांतल्या याच विरोधामुळे गेले.

त्यानंतर भारतात हे काम थांबलं. मेंदूमृत्यूला कायद्याने मृत्यू मानायची सोय तेव्हा नव्हती, तो कायदा १९९४ चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी प्रत्यारोपण यशस्वी केलं. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत म्हणूनच बहुधा तेवढंच नाव सापडतं. प्रश्नातला 'यशस्वी' हा शब्द गळला, की उत्तर चुकतं! सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९८२ मध्ये ते गेले.

आज कुणाला हृदय बसवण्याआधी शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयात नेऊन फुप्फुस धमनीचा दाब मोजतात. फुप्फुसांतला विरोध फार असेल आणि औषधांनीही उतरत नसेल, तर नुसतं हृदय देत नाहीत.

वर्गात एक करून बघा. एकाच सिरिंजला आधी रुंद नळी जोडा, मग बारीक, आणि तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात ढकलायला सांगा. अंगठा दुखायला लागला की मग आकृती काढायला घ्या, आणि या वेळी दोन्ही निलयांच्या भिंती सारख्या जाडीच्या काढू देऊ नका.