साने गुरुजी आणि पंढरीचे महाद्वार

श्रीपांडुरंगाच्या महाद्वारी चोखोबांची समाधी आहे. वारीला आलो की आपण तिथे माथा टेकतो, मग आत जातो. पण त्याच चोखोबांच्या जातभाईंना १९४७ सालापर्यंत तिथूनच माघारी फिरावे लागे. काही शतके टाळ कुटले, तरी दार काही उघडले नाही! ते उघडावे म्हणून ज्यांनी प्राण पणाला लावले, त्या साने गुरुजींचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. नाव पांडुरंग सदाशिव. देवाने नावातच खूण ठेवली म्हणायची. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडाव्या, कंदील पुसून ठेवावे, आजारी पोराच्या उशाशी बसावे, असा हा मास्तर. १९३० साली नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात पडले आणि पुढची कितीतरी वर्षे तुरुंगात गेली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातच लिहिली.

आता दाराची गोष्ट. कायदा नव्हता असे नाही. १९३८ साली मुंबई सरकारने एक कायदा केला होता. पण त्याचा अर्थ इतकाच, की विश्वस्तांना वाटले तर त्यांनी देऊळ सर्वांना मोकळे करावे. पंढरीत कोणाला तसे वाटले नाही. कायदा कागदावर, अन् कडी जागच्या जागी.

गुरुजींनी १९४६ सालीच उपोषणाचा निश्चय केला. सेनापती बापट वगैरे मंडळींनी त्यांना थोपविले, आधी लोकांकडे जाऊ म्हणाले. मग गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. आमच्या मते खरे काम तिथेच झाले. गावोगाव सभा झाल्या आणि कित्येक ठिकाणी विहिरी व देवळे गावकऱ्यांनीच मोकळी केली. तिथे ना फौजदार लागला, ना हुकूम.

१ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण तितकेच खरे बोलायचे, तर विरोध करणाऱ्यांतही गळ्यात तुळशीची माळ असलेले होते. गांधीजींनाही हे उपोषण पसंत नव्हते. गुरुजी मागे सरले नाहीत. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बोलणी झाली, आणि दहाएक दिवसांनी देऊळ मोकळे करण्याचे मान्य झाल्यावर उपोषण सुटले.

त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा नवा कायदा केला. या खेपेला विश्वस्तांची मर्जी विचारलीच नाही. अडविणाऱ्याला शिक्षा ठेवली. मग दार उघडले कोणी, सरकारने की गुरुजींनी? आम्हाला वाटते, नुसत्या उपोषणावर सोडले असते, तर दिलेला शब्द उद्या कोणी फिरविलाही असता. कायदा हवाच होता. पण १९३८ चा कायदा नऊ वर्षे निजून राहिला, तो का? त्याच्यापाठी कोणी उपाशी बसले नव्हते म्हणून.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी इहलोक सोडला. वय पन्नास. तनपुरे महाराजांचा तो मठ पंढरीत आहे. पुढच्या वारीला दर्शन झाल्यावर तिकडेही पाऊल वळवावे, ही विनंती.