निजाम गेला, जहागिरी गेल्या, मग कुळाच्या हातची जमीन का निसटली? स्वामी रामानंद तीर्थांची दुसरी लढाई

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गंगाखेडच्या कॉलेजात शिकलेल्या कुणाचीही मार्कशीट काढून बघा. वर नाव असतं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे. दर १७ सप्टेंबरला भगव्या कपड्यातला त्यांचा फोटो आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला असतो. निजामाशी लढलेला संन्यासी, एवढी ओळख मराठवाड्यात शाळकरी पोरालाही असते.

पण निजाम गेल्यावर या माणसानं आणखी एक लढाई लढली. ती जमिनीची होती. तिच्याबद्दल भाषणं होत नाहीत, कारण त्या लढाईत समोर रझाकार नव्हते, आपलीच माणसं होती.

आधी माणूस कोण ते बघू.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. असहकाराच्या वाऱ्यात सरकारी शाळा सोडली, राष्ट्रीय शाळेत शिकले, पुण्यात टिळक विद्यापीठातून एम.ए. केलं. त्यानंतर मठात न जाता ते गेले कामगार चळवळीत. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलं. म्हणजे संन्यासी व्हायच्या आधी हा माणूस मजुरी, संप आणि भाकरीचा हिशोब शिकून आला होता. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

तब्येतीनं दगा दिला आणि ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. तिथंच १९३२ साली संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. मग अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. आज परतूर जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. १९३८ साली स्टेट काँग्रेस जन्मायच्या आतच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली, सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. बंदी उठली १९४६ साली. त्यानंतर अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली आणि स्वामीजी निवडून आले ते बुर्गुल रामकृष्ण राव यांना हरवून. हे नाव पुढं परत येणार आहे.

आता जमिनीकडे येऊ.

निजामाच्या राज्यात जमिनीचे तीन मोठे प्रकार होते. सुमारे साठ टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारचा. सुमारे दहा टक्के सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खाजगी खर्चासाठीचा. उरलेला जहागीरदारांचा. जहागिरीत सारा वसूल करणं, न्याय करणं, माणसाला दाबून ठेवणं, सगळंच जहागीरदाराच्या हातात. पण दिवाणी मुलखातही सुख नव्हतं. तिथं कागदावर मालक पट्टेदार, आणि प्रत्यक्ष नांगर धरणारा कूळ. कुळाला शिकमीदार म्हणत. त्याच्याकडे बहुतेक वेळा एक चिठ्ठीसुद्धा नसे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली. जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. आणि मग सगळं एकदम वेगात सुरू झालं. १९४९ च्या सुरुवातीला सर्फेखास सरकारजमा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जहागिरी खालसा करणारा हुकूम. शेकडो वर्षांची व्यवस्था लष्करी राजवटीनं वर्षभराच्या आत मोडली. निवडून आलेली विधानसभा नव्हती, त्यामुळे चर्चेचा प्रश्नच नव्हता.

याचा खर्च सरकारी तिजोरीवर पडलाच. निजामाला सालाना पन्नास लाखांचा तनखा ठरला, सर्फेखासच्या बदल्यात पंचवीस लाख वेगळे आणि महालांच्या देखभालीला आणखी पंचवीस लाख. जहागीरदारांची नुकसानभरपाई वेगळीच. पण दुसरा खर्च कुठल्या बजेटात दिसला नाही. जहागिरीवर फक्त नवाब जगत नव्हते. कारकून, वसुलीदार, शिपाई, खानसामे, टांगेवाले अशी हजारो घरं त्या चुलीवर शिजवून खात होती. त्यांच्यासाठी कुणी काही ठरवलेलंच नव्हतं.

आणि एक वाटप असंही झालं, ज्याला वाटप म्हणायची कुणाची हिंमत नाही. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या काही आठवड्यांत मुसलमानांवर भयंकर हल्ले झाले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली. केंद्रानं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं राज्यभरात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, आणि घरं-जमिनी बळकावल्याचंही नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे होते, त्याबद्दल वाद नाही. पण गाव सोडून पळालेल्या गरीब मुसलमान शेतकऱ्याची जमीन ज्यानं धरली, त्याला कुठल्याही कायद्याची गरज लागली नाही.

तिकडे तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. सुमारे तीन हजार गावांत दहा लाख एकर जमीन वाटल्याचा त्यांचा दावा होता. पण सैन्य आलं, देशमुख मागोमाग परत आले आणि वाटलेल्या जमिनींपैकी बऱ्याच पुन्हा हातातून गेल्या. हजारो माणसं मारली गेली. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षानं लढा मागं घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोचमपल्लीत विनोबांना पहिलं भूदान मिळालं, तेही याच धगीत.

स्वामीजी या दोन टोकांच्या मधे उभे होते. बंदूक त्यांना मान्य नव्हती, आणि सबुरीही. जहागिरी मोडून भागणार नाही, कसेल त्याच्या नावावर जमीन झाली पाहिजे आणि ती लवकर झाली पाहिजे, ही त्यांच्या गटाची भूमिका. बुर्गुल यांचा गट जपून पावलं टाकणाऱ्यांचा. स्वामीजींचे डावे सहकारी गोविंदभाई श्रॉफ यांना तर काँग्रेसच पुरेशी वाटेना, त्यांनी वेगळी वाट धरली. म्हणजे स्वामीजींच्या डावीकडची माणसं गेली आणि उजवीकडची बळकट झाली.

गंमत बघा, कायदा आणला तो सबुरीवाल्या बुर्गुल यांनीच. वेल्लोडींच्या मंत्रिमंडळात महसूल खातं त्यांच्याकडे होतं. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०. त्या काळच्या भारतातल्या पुढारलेल्या कूळकायद्यांत तो मोजला जातो आणि ते श्रेय बुर्गुल यांना द्यायलाच पाहिजे. ठरावीक काळात सलग सहा वर्षं जमीन कसलेल्याला संरक्षित कूळ हा दर्जा मिळाला. अशी सहा लाखांहून जास्त कुळं नोंदली गेली आणि लागवडीच्या जमिनीचा जवळपास चौथा हिस्सा त्यांच्याकडे होता.

ऐकायला जबरदस्त वाटतं ना? आता हे गावात कसं उतरलं ते बघा.

समजा, गंगाखेड तालुक्यातलं गोदाकाठचं एक गाव आहे. काळी कसदार जमीन. एक पट्टेदार, त्याची दहा कुळं. कायदा आला ही बातमी आधी कुणाला कळणार? पट्टेदाराला. तो उर्दू वाचतो, तहसीलला जातो, वकील ओळखीचा. कुळाला कळेपर्यंत एक हंगाम जातो. तोवर पट्टेदारानं जमीन भावा-पुतण्यांत वाटून टाकलेली असते. कुणाचं कूळ बदललेलं असतं, म्हणजे सहा वर्षं भरणारच नाहीत. कुणाला बोलावून राजीनाम्यावर अंगठा घेतलेला असतो. कागदावर लिहायचं, स्वखुशीनं जमीन सोडली.

कूळ अंगठा का देतो? कारण मालक आणि सावकार एकच. बी त्याच्याकडून, बैल त्याचे, आषाढात ज्वारी संपली की उसनं धान्य त्याचंच. कायद्यानं जमिनीचं नातं तोडलं, पण कर्ज द्यायला दुसरं कुणी उभं केलं नाही. सहकारी सोसायट्या गावोगाव पोचायला अजून वेळ होता. जमिनीच्या हक्कापेक्षा पेरणी तोंडावर आली असताना मिळणारं बी मोठं वाटलं, तर त्या माणसाला दोष कसा देणार?

वर नोंदी ठेवणारे पाटील-पटवारी गावातल्या वजनदार घरांशी बांधलेले. आणि एक उलटा योग म्हणजे मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाक्यांसारखीच गावची दप्तरंही जाळली गेली होती. लढ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, दप्तर म्हणजे जुलमाचं हत्यार. पण जिथं ती जळली, तिथं कूळ सिद्ध करणारा कागदही जळाला. गटवार कोण कसतो याची सविस्तर नोंद, म्हणजे खासरा पहाणी, झाली १९५४-५५ साली. कायद्याच्या चार वर्षं नंतर. घोषणा आणि नोंद यांच्या मधल्या या चार वर्षांतच खेळ झाला.

अर्थतज्ज्ञ अली मोहम्मद खुसरो यांनी याचा अभ्यास केला. हेच पुढं अकराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५१ साली संरक्षित ठरलेल्या कुळांचं पुढच्या चारेक वर्षांत काय झालं, हे त्यांनी जहागिरी भागांत तपासलं. शंभरातली सुमारे पंचेचाळीस कुळं टिकली. बाराएक जण जमीन विकत घेऊन मालक झाले. सुमारे बावीस बेकायदा हुसकली गेली आणि सतरा-अठरा जणांनी जमीन स्वखुशीनं सोडली. त्या स्वखुशीचा अर्थ वर सांगितलाच आहे. कायदेशीर मार्गानं निघालेली कुळं जेमतेम दोन-तीन.

मालकांनीही धडा घेतला. जमीन कागदावर कुळाला द्यायचीच नाही. बटई तोंडी, नाहीतर सरळ सालगडी ठेवायचा. कालचा कूळ त्याच वावरात सालगडी झाला. आणि या सगळ्या नोंदी पुरुषांच्या नावानं. जनाबाईंच्या गंगाखेडात निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईचं नाव कुळाच्या रकान्यात शोधून सापडायचं नाही.

स्वामीजींच्या गटाची अडचण इथंच होती. जहागीरदार थोडे होते आणि निजामाबरोबर हरले होते, त्यांचं काढून घेणं सोपं गेलं. पट्टेदार गावोगाव होते. त्यातले पुष्कळ निजामाविरुद्ध लढलेले, तुरुंगात गेलेले, काँग्रेसचे कार्यकर्ते. त्यांच्या जमिनीला हात लावायचा म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या पायाखालची माती उकरायची.

१९५२ ची निवडणूक झाली. १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३, आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या आघाडीला ४२. एवढ्या धक्क्यानंतर जमीन सुधारणेला जोर येईल असं वाटलं होतं. मुख्यमंत्री झाले बुर्गुल. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. मंत्रिपद त्यांनी कधी घेतलं नाही. १९५४ च्या दुरुस्तीनं जमिनीला कमाल मर्यादा आली, साडेचार कुटुंबधारणा. एकरांत काढली तर जमिनीच्या प्रतीनुसार १८ पासून २७० एकरांपर्यंत. कोरडवाहू जमिनीच्या मालकानं सुटकेचा निःश्वासच टाकला असणार.

त्यानंतर स्वामीजींचा जोर हैदराबाद राज्याच्या भाषावार विभाजनावर राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं आणि परभणीसह मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ साली ते तेव्हाच्या औरंगाबादमधून खासदार झाले, नंतर सत्तेच्या राजकारणातून हळूहळू बाजूला झाले. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत ते गेले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे.

ते गेले तेव्हा आंध्र प्रदेशचा मुख्यमंत्री त्यांचाच शिष्य होता. पी. व्ही. नरसिंह राव. वंदे मातरम् सत्याग्रहामुळे उस्मानियातून काढलेला, पुण्या-नागपुरात शिकलेला, अस्खलित मराठी बोलणारा. स्वतः शेकडो एकरांचा मालक. त्यानं त्याच वर्षी कमाल जमीन धारणेचा कडक कायदा विधानसभेत मंजूर करून घेतला, जमिनी नातेवाइकांच्या नावावर फिरवता येऊ नयेत म्हणून आधीच हस्तांतरणावर बंदी घातली आणि स्वतःचीही बरीचशी जमीन सोडली. १९५० साली राहिलेली फट त्यानं बुजवली होती. मोठे जमीनदार खवळले. मुलकी नियमांवरून जय आंध्र आंदोलन पेटलं होतं, त्यात त्यांची ताकद मिसळली असं अनेक अभ्यासक मानतात. जानेवारी १९७३ मध्ये, गुरूच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आसपास, रावांची खुर्ची गेली आणि राज्यात राष्ट्रपती राजवट लागली.

इकडे मराठवाड्यात संरक्षित कुळांना मालकी देणारं कलम, ३८-ई, पुढं लागू झालं आणि जी कुळं तोवर टिकली होती त्यांना प्रमाणपत्रं मिळाली. जी आधीच निघाली होती त्यांच्या नातवंडांची भांडणं अजून कोर्टात येतात. वकील पहिल्यांदा मागतो तो कागद असतो १९५४-५५ चा खासरा.